घाम गाळलेली वाट सोडताना : स्वयंसेवकांनी बांधलेल्या एका ऑफ-रोड मार्गाचे प्रकरण

१.२ किलोमीटरची ती उतरण बांधायला आम्हाला अकरा शनिवार-रविवार लागले. ती सोडून द्यायची, हे ठरवायला पाच आठवडे लागले. हे टिपण मुख्यतः त्या पाच आठवड्यांबद्दल आहे. गटाचे, खात्याचे आणि डोंगराचे नाव दिलेले नाही. माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी त्या गटात होतो आणि कामाच्या तासांची वही माझ्याकडे असे. पहिल्या बैठकीत मी चुकीच्या बाजूने हात वर केला होता, हेही आधीच सांगून टाकतो.

पार्श्वभूमी

डांबरी रस्ता सुटल्यावर फोर बाय फोर गाडीने तीन तास आत गेले की हा भाग लागतो. पाऊस वर्षातले थोडेच दिवस, पण पडतो तेव्हा तासाभरात सगळे ओघळ भरून वाहतात. एका बंद पडलेल्या खाणीचा जुना रस्ता ओढ्याच्या पात्रातूनच वर जायचा. चाके पाण्यात, गाडीखालचे तेल पाण्यात, दोन्ही काठ ढासळलेले. जमिनीची देखभाल करणाऱ्या खात्याने तो वाहनांसाठी बंद केला. बंद केला ते बरेच झाले, असे आमच्यातलेही काही जण खासगीत म्हणत.

पण त्याने गाड्यांची गोल फेरी तुटली. गेल्या वाटेनेच परत यायचे म्हटल्यावर लोकांनी पठारावर आपापल्या वाटा पाडायला सुरुवात केली. एक गाडी गेली की तिच्या चाकोरीतून दुसरी जाते, आणि तिसऱ्याला ती वाटच वाटते. गटाने खात्यापुढे पर्याय ठेवला: खिंडीपासून पठारावरून, मग डोंगराच्या एका सोंडेवरून खाली उतरून, ओढा एकाच ठिकाणी कातळावरून ओलांडून पलीकडच्या जुन्या रस्त्याला मिळणारी नवी वाट. एकूण नऊ किलोमीटर. पठारावरचे सहा किलोमीटर म्हणजे झुडपे बाजूला करणे आणि खुणा लावणे. दरीतला भागही फार अवघड नव्हता. मधली उतरण हेच खरे काम होते.

परवानगी मिळायला कामापेक्षा जास्त वेळ गेला. हे जवळपास सगळीकडेच असे असते. अमेरिकेत १९७२ च्या राष्ट्राध्यक्षीय आदेश क्रमांक ११६४४ ने सरकारी जमिनीवरच्या ऑफ-रोड वाटा ठरवताना माती, पाणलोट आणि झाडोऱ्याचे नुकसान, वन्यप्राण्यांना होणारा त्रास आणि इतर वापरकर्त्यांशी होणारे खटके कमीत कमी ठेवण्याची अट घातली. तिथल्या वनसेवेच्या २००५ च्या नियमाने मोटार वाहने नेमून दिलेले रस्ते, वाटा आणि क्षेत्रे यांच्यापुरती मर्यादित करण्याची पद्धत आणली. आमच्या खात्याच्या अटी याच वळणाच्या होत्या. त्यातल्या तीन महत्त्वाच्या: ओढ्यात गाळ जाता कामा नये; समोरच्या कड्यावर शिकारी पक्ष्यांची घरटी आहेत, तिथे विणीच्या महिन्यांत यंत्र चालवायचे नाही; आणि नवी वाट उघडण्याआधी पठारावरच्या बेकायदा चाकोऱ्या बुजवायच्या.

पहिली अट आम्ही सगळ्यांनी वाचली होती. पाणी कसे वाहते याच्याशी तिचा संबंध मात्र आम्ही नंतर लावला.

वाट आखली कशी

उतरणीची आखणी एका दिवसात झाली. गटातले तीन सर्वांत मुरलेले चालक खालून वर पाहत उभे राहिले आणि म्हणाले, "ही सोंडच वाट दाखवतेय." ते खोटे नव्हते. सोंडेच्या खांद्यावर झाडे नव्हती, दोन्ही बाजूंना दरी दिसत होती, मध्ये मध्ये गुडघाभर उंचीच्या दगडी पायऱ्या होत्या. गाडी लो रेंजला (कमी वेग, जास्त जोर देणाऱ्या गिअरला) टाकून, एकेक चाक जपत उतरायची मजा ज्याला माहीत आहे त्याला ती सोंड पाहून दुसरे काही सुचणे कठीण.

तिची निवड होण्याचे आणखी एक कारण होते, आणि ते त्या दिवशी कोणी मोठ्याने बोलले नाही. थेट उतरणारी वाट बांधायला सोपी असते. डोंगराच्या कुशीतून आडवी वाट न्यायची तर पूर्ण रुंदीची पट्टी डोंगरात कापून काढावी लागते. कापलेली माती बाहेरच्या कडेला टाकून रुंदी वाढवली तर गाडीच्या वजनाने तीच कड आधी खचते. सरळ खाली उतरताना असे कापकाम जवळपास नसते. धोंडे हलवा, झुडपे काढा, खुणा लावा. शनिवारी सुरू केले तर रविवारी संध्याकाळी शंभर मीटर झालेले दिसतात, आणि हौसेने आलेल्या माणसाला ते दिसणे गरजेचे असते.

गटात निवृत्त झालेल्या एक रस्ते अभियंता होत्या. आम्ही त्यांना मोजणीच्या बाई म्हणत असू. आखणीच्या दिवशी त्या नव्हत्या. पुढच्या शिबिरात त्यांनी क्लिनोमीटर, म्हणजे उतार मोजायचे साधन, लावून वाटेचा सरासरी उतार २४ टक्के काढला आणि वहीत नोंद केली. शंभर मीटर पुढे जाताना चोवीस मीटर खाली. "हा जास्त आहे," असे त्या म्हणाल्याही. पण तोवर पहिले दोनशे मीटर झाले होते आणि लोक खुशीत होते. ती नोंद वहीतच राहिली.

अडचण

मोसमातला पहिला मोठा पाऊस झाला आणि आठवड्याने आम्ही वर गेलो. वाटेच्या मधल्या मुरमाड पट्ट्यात दोन्ही चाकोऱ्या घोट्याच्या वर खोल गेल्या होत्या. त्याखालच्या मातीच्या पट्ट्यात एकच ओघळ उरला होता, गुडघ्याएवढा. हाताने बसवलेल्या पायऱ्यांपैकी काहींच्या मागची माती निघून गेली होती आणि दगड दातासारखे हलत होते. पायथ्याशी गाळाचा पंखा पसरला होता. त्याची एक बोटभर रुंद धार ओढ्यापर्यंत पोचली होती.

आतापर्यंत त्या वाटेवरून आमच्याच मोजक्या गाड्या गेल्या होत्या. उद्घाटन सात आठवड्यांवर होते आणि तारीख जाहीर झालेली होती.

वाट बांधणाऱ्यांत एक जुना नियम आहे, अर्ध्याचा नियम. ज्या उतारावरून वाट जाते त्या जमिनीच्या उताराच्या निम्म्याहून वाटेचा उतार जास्त नसावा. सोंडेच्या खांद्याचा उतार २७ टक्के होता, म्हणजे वाटेला साडेतेरापर्यंत मुभा. आमची वाट २४ वर होती. नियम मोडला की काय होते ते सरळ आहे: वाटेवर आलेल्या पाण्याला बाहेर पडण्यापेक्षा वाटेनेच खाली जाणे सोपे पडते. वाट म्हणजे मग पाट होतो. आम्ही बाहेरच्या बाजूला पाच टक्के कल दिला होता, पाणी आडवे निघून जावे म्हणून. पायवाटेवर असा कल बरेच दिवस टिकतो. गाडीच्या वाटेवर तो टिकत नाही, कारण चाके मधला भाग दाबून त्याची पन्हळ करतात. एकदा पन्हळ झाली की कल फक्त कागदावर.

त्यात वेगाचे गणित आणखी क्रूर आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा दगडाचे वजन सिद्धांतानुसार ६४ पटीने वाढते. वर रेती वाहून नेणारे पाणी शेवटच्या टप्प्यात नारळाएवढे गोटे का हलवत होते, त्याचे उत्तर यात होते.

पर्याय

पहिल्या बैठकीत चार पर्याय निघाले. त्यांच्यावर सारखाच विचार झाला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. पहिल्यावर दीड तास गेला आणि उरलेल्या तिघांवर मिळून वीस मिनिटे.

पहिला, डागडुजी. ओघळ दगडांनी भरायचे, उतारावर दगड घट्ट बसवून पिचिंग करायचे, दर वीस-पंचवीस मीटरवर आडवे दगडी बांध घालून पाणी बाहेर काढायचे. माझा हात याच बाजूने वर गेला. कारण उघड आहे: वहीत त्या उतरणीवरचे तास माझ्याच अक्षरात होते.

दुसरा, ओल्या दिवसांत फाटक लावून वाट बंद ठेवायची. याने गाड्यांचे नुकसान थांबते, पावसाचे थांबत नाही. आमचे ओघळ झाले तेव्हा वाट बंदच होती.

तिसरा, खात्याला कळवून उद्घाटन करून टाकायचे आणि वर्षभर पाहायचे. हा पर्याय कोणी सुचवला ते लिहीत नाही. सुचवणाराही नंतर हसला.

चौथा, सोंड सोडून तिच्या कुशीतून नवी, नागमोडी वाट काढायची. बाईंनी फळ्यावर हिशेब मांडला. उतरायची उंची सुमारे २९० मीटर. कुशीतल्या जमिनीचा उतार ३० टक्के, म्हणजे वाट पंधराच्या आत हवी. आपण बारा धरू. बारा टक्क्यांनी तेवढीच उंची उतरायला २.४ किलोमीटर लागतात, म्हणजे दुप्पट लांबी. अडीच मीटरच्या थोडी वर रुंदीची पट्टी अशा उतारात पूर्ण कापायची तर दर मीटरला अंदाजे एक घनमीटर माती-दगड हलवावा लागतो. आमच्या नोंदीप्रमाणे टिकाव-फावड्याने एक माणूस त्या जमिनीत दिवसाला दोन-सव्वादोन घनमीटर काम करत होता. वीस माणसे, दिवसाला ४५ मीटर. म्हणजे ५३ दिवस, किंवा सत्तावीस शनिवार-रविवार.

सत्तावीस हा आकडा ऐकल्यावर खोलीत जे झाले त्याला चर्चा म्हणता येत नाही. डागडुजी बहुमताने मंजूर झाली.

निर्णय कसा फिरला

डागडुजीच्या पहिल्या शिबिरात आठ बांध झाले. त्यातला एक बांध आमच्यातल्या सर्वांत ज्येष्ठ गृहस्थांनी दिवसभर खपून घातला होता. त्या उतरणीवरच्या बहुतेक पायऱ्याही त्यांच्याच. संध्याकाळी बाई तिथे थांबल्या.

"बाई, हलवून बघा. पहार लावली तरी हलणार नाही."

"दगड नाहीच हलणार. तुम्ही बसवलाय. मला एवढंच सांगा, इथवर आलेलं पाणी इथून बाहेर कसं जाईल?"

त्यांनी हात दाखवला. ते जिथे हात दाखवत होते ती बाहेरची कड वाटेपेक्षा वीतभर उंच होती. दोघेही थोडा वेळ गप्प उभे होते. मी जवळच फावडी मोजत होतो.

त्या संवादाने मन वळले असे लिहायला छान वाटेल, पण तसे झाले नाही. मन वळवले पावसाने. पुढच्या पावसाचा अंदाज आल्यावर तिघे जण आदल्या रात्रीच वर जाऊन थांबले आणि पाऊस सुरू असताना रेनकोट घालून उतरण चालले. काम एकच: पाणी वाटेत कुठे शिरते आणि कुठे बाहेर पडते, ते जीपीएसवर नोंदवायचे. शिरण्याच्या जागा तेवीस निघाल्या. बाहेर पडण्याच्या दोन. वरून पहिली सापडली ती सातशे मीटर उतरल्यावर. आठही बांध तोपर्यंत गाळाने भरले होते, आणि पाणी त्यांच्या डोक्यावरून जात होते.

डागडुजीतली खरी अडचण तेव्हा कळली. २४ टक्के उतारावर पाणी बाहेर काढायला वाटेलाच मध्ये थोडे वर चढवावे लागते, म्हणजे लवण करावी लागते. एवढ्या तीव्र उतारात गाडी सहज जाईल अशी लांब लवण करायची तर खणणे इतके खोल जाते की ती लवण न राहता खंदक होते. आखूड बांध घातले तर चढणाऱ्या गाडीची चाके नेमकी त्यांच्या पायथ्याशी फिरतात आणि ते उखडतात, नाहीतर लोक त्यांना वळसा घालून वाट रुंद करतात.

त्याच नोंदींतून दुसरी गोष्टही निघाली, आणि माझ्या मते प्रकरणाला वळण तिने दिले. तोवर आम्ही "सोंडेची वाट ठेवायची की सोडायची" असेच बोलत होतो. पावसात चाललेल्यांनी तिचे तीन तुकडे केले: वरचा मुरूम, मधली माती, खालचा कातळ. शेवटच्या १८० मीटर कातळावर पाणी वाहत होते, पण नेत काहीच नव्हते. उताराचे नियम मातीसाठी आहेत. उघड्या कातळावर ते बरेच सैल होतात, कारण झिजायला तिथे काही नसते. ज्येष्ठांच्या सर्वांत अवघड तीन पायऱ्या नेमक्या तिथे होत्या.

दुसऱ्या बैठकीत ठराव असा आला: वरचे सुमारे एक किलोमीटर सोडायचे, खालचा कातळ ऐच्छिक अवघड वाट म्हणून ठेवायचा, आणि मुख्य वाट कुशीतून न्यायची. बाईंनी कॅलिफोर्नियातल्या रुबिकॉन ट्रेलचे उदाहरण दिले. तिथे २००९ मध्ये प्रादेशिक जलगुणवत्ता मंडळाने स्वच्छतेचा आदेश काढला, तो पाण्यात जाणारा गाळ, सांडलेले तेल आणि माणसांची विष्ठा या कारणांवरून. जगभरचे ऑफ-रोडर ज्या वाटेचे नाव घेतात तिलाही गाळाचा जाब द्यावा लागला, तर आपली वाट किती दिवस उघडी राहील? ठराव मंजूर झाला. ज्येष्ठांनी ना बाजूने हात वर केला ना विरोधात.

काय केले

सत्तावीस शनिवार-रविवारांचा प्रश्न होताच. त्यावर तोड निघाली ती छोट्या पोकलेनची. यंत्र आणायला आधी विरोध होता: हाताने बांधलेली वाट हा गटाचा अभिमान होता. पण पट्टी कापणे हे यंत्राचे काम आहे आणि दगड निवडून बसवणे हे माणसाचे, एवढी वाटणी मान्य झाली. पोकलेन स्वतः कापलेल्या पट्टीवरूनच पुढे सरकत गेला, त्यामुळे त्याच्यासाठी वेगळा रस्ता पाडावा लागला नाही. चालकाला डोंगरउताराचा अनुभव होता. सपाटीवर कितीही चांगला असलेला चालक इथे चालला नसता.

आखणी या वेळी उलट्या क्रमाने झाली. आधी वळणांच्या जागा शोधल्या, मग त्यांना जोडणारी रेघ. मोठ्या फोर बाय फोर गाडीला वळायला सुमारे सहा-साडेसहा मीटरची त्रिज्या लागते, आणि ३० टक्के उतारावर एवढी सपाट जागा कापायची म्हणजे डोंगराला खिंडार. संपूर्ण कुशीत जमीन थोडी सैलावलेल्या चारच जागा सापडल्या. म्हणून वळणे चार. रेघेला दोन वेळा झेंड्या लावल्या, एकदा वरून खाली मोजत आणि एकदा खालून वर. दोन्हींत बराच फरक आला तिथे तिसऱ्यांदा मोजले. दर तीस ते पन्नास मीटरवर वाट थोडी चढवून पुन्हा उतरवली, म्हणजे पाण्याला प्रत्येक ठिकाणी बाहेर पडावेच लागेल. या लवणी मुद्दाम लांब ठेवल्या. आखूड उंचवटा दिसला की मोटारसायकलवाले त्यावरून उडी मारतात, आणि उतरतात तिथे खड्डा पडतो.

वाटेच्या तोंडाशी मुद्दाम एक अवघड दगडी पायरी ठेवली. जी गाडी ती चढू शकत नाही तिने पुढे जाऊच नये, आणि तिला तिथेच वळून परत जायला जागा असावी. हा जुना उपाय आहे. पहिला अडथळा आठव्या किलोमीटरला भेटला तर लोक परत फिरत नाहीत, बाजूने जातात.

सोडलेली वाट बुजवणे हे सर्वांत कंटाळवाणे काम, आणि तेच सर्वाधिक लोकांनी टाळले. दिसणारी जुनी वाट म्हणजे आमंत्रण. दाबलेली माती उकरली, पाणी अडवायला आडव्या ताली घातल्या आणि वरच्या टोकाला धोंडे अर्धे पुरले. वाळलेली झुडपे नुसती पसरली तर ती उडून जातात, म्हणून खड्डे करून उभी रोवली. हे फक्त वरून नजर जाते तेवढ्याच साठेक मीटरवर केले. त्यापुढे ताली घालून निसर्गावर सोडले. पठारावरच्या चाकोऱ्यांनाही हाच इलाज.

विणीच्या काळात यंत्र तीन महिने उभे राहिले. त्यात वाद झाला नाही, कारण अट आधीपासून लिहिलेली होती.

अपघात

हा भाग छोटा आहे, पण तो वगळला तर टिपण अप्रामाणिक होईल. डागडुजीच्या त्याच शिबिरात, उद्घाटनाची तारीख डोक्यावर असताना, दोन टोळ्या एकाच उतारावर वर-खाली काम करत होत्या. वरच्या टोळीने पहारीने एक धोंडा उचलला, तो अपेक्षेपेक्षा आधी सुटला, आणि पहार धरलेल्या एका स्वयंसेवकाची दोन बोटे पहार आणि दगड यांच्यात सापडली. धोंडा खाली घरंगळला. खालची टोळी सुदैवाने पाणी प्यायला बाजूला गेली होती.

उपग्रह संदेशयंत्र होते, पण ते ज्या गाडीत होते ती खिंडीत उभी होती. प्रथमोपचाराची पेटी हाताशी होती. जखमीला डांबरी रस्त्यापर्यंत आणायला चार तासांहून जास्त लागले. बोटे वाचली.

त्यानंतरचे नियम साधे होते: कोणी दगड हलवत असेल तर त्याच्याखाली उताराच्या रेषेत कोणी नाही, संदेशयंत्र गाडीत न ठेवता टोळीप्रमुखाच्या अंगावर, एक गाडी नेहमी परतीच्या दिशेला तोंड करून, किल्ली जागेवर. आणि उद्घाटनाची तारीख मागे घेतली. माझ्या मते ती पहिले ओघळ पाहिले त्याच दिवशी मागे घ्यायला हवी होती. तारीख जाहीर असली की प्रत्येक निर्णय तिच्या बाजूला झुकतो, आणि आपण त्याला कामाची निकड म्हणत राहतो.

परिणाम

वाट ठरल्यापेक्षा आठ महिने उशिरा उघडली. पहिला पूर्ण पावसाळी मोसम गेल्यावर पुन्हा तिघे पावसात चालले. लवणींपैकी दोन गाळाने भरून निकामी झाल्या होत्या, बाकीच्या चालत होत्या. ओढ्यापर्यंत गाळाची धार पोचली नव्हती आणि खात्याच्या पाहणीतही तसेच नोंदले गेले.

चार वळणांपैकी तिसरे बिघडले. तिथे चढताना आतल्या मागच्या चाकावरचे वजन कमी होते आणि डिफरेन्शियल लॉक (दोन्ही बाजूंची चाके एकत्र फिरवणारी सोय) नसलेल्या गाडीचे ते चाक जागीच फिरते. महिन्याभरात तिथे बादलीएवढा खड्डा झाला. आखणीत आम्ही वळायला जागा पुरेल का ते पाहिले होते. वळणातला चढ वाटेच्या चढापेक्षा कमी ठेवायला हवा, हे निसटले.

तोंडाशी ठेवलेल्या पायरीला पहिल्याच महिन्यात बाजूने वाट पडली. दोन्ही बाजूंना मोठे धोंडे लावल्यावर ती थांबली. सोडलेल्या उतरणीवर मात्र एकही गाडी गेल्याची खूण नाही.

माणसांचा हिशेब वेगळा. सोंड सोडल्यानंतर सहा जण पुन्हा आले नाहीत. त्यातल्या दोघांनी स्पष्ट सांगितले, अकरा शनिवार-रविवार वाया घालवायला आम्ही रिकामे नाही. त्यांचा राग मला चुकीचा वाटत नाही. स्वयंसेवकाचे श्रम फुकट असतात असे आयोजक धरून चालतात, आणि ते खर्चाच्या बाजूला लिहिले जात नाहीत म्हणून नीट आखणी करून ते वाचवायचा विचार कोणी करत नाही. पैसे मोजून मजूर लावायचे असते, तर २४ टक्क्यांची नोंद पाहून कोणीतरी काम थांबवले असते.

वेगळे काय करता आले असते

सगळ्यात मोठी चूक पहिल्या दिवसाची. वाट कशी चालवायला मजा येईल हे विचारणारे तीन जण होते, पाणी कुठे जाईल हे विचारणारे कोणी नव्हते. बाईंची सोय पाहून तारीख एका आठवड्याने पुढे ढकलली असती तरी पुरले असते. त्यांची नोंद हाती आल्यावरही थांबता आले असते: दोनशे मीटर सोडणे आणि हजार मीटर सोडणे यांत फरक आहे. उतार ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर काम आपोआप थांबेल आणि पुन्हा मोजणी होईल, असा नियम आधी लिहिलेला असता, तर तो मुद्दा बाईंनी एकटीने मांडायची वेळ आली नसती. आता तो लिहिलेला आहे.

पावसात चालणे हे बांधकामाआधी करायचे काम आहे. झेंड्या लावलेल्या रेघेवर एका पावसात चालले असते, तर मुरूम, माती आणि कातळ हे तीन तुकडे तेव्हाच दिसले असते आणि कुशीतून वाट नेऊन कातळ राखायचा निर्णय कोणाच्याही पायऱ्या न मोडता झाला असता.

खात्याच्या माणसाला आम्ही परवानगीच्या कागदापुरते ओळखत होतो. ओघळ पडले तेव्हा पहिले दोन आठवडे आम्ही त्यांना कळवले नाही, परवानगी जाईल या भीतीने. कळवल्यावर त्यांच्या मृदातज्ज्ञाने अर्ध्या दिवसात, हातात फक्त कुदळ घेऊन, मातीचा पट्टा नेमका कुठे सुरू होतो ते दाखवले.

एका गोष्टीवर गटात अजून मतभेद आहेत. कातळाची ऐच्छिक वाट ठेवायला नको होती, असे काहींचे म्हणणे आहे: ती ठेवली ती जमिनीसाठी नाही, एका माणसाचे मन राखण्यासाठी. मला तसे वाटत नाही. कातळ खरोखर टिकाऊ होता, आणि मनही राखले गेले. पण दोन कारणांपैकी आधी कुठले आले, असे कोणी विचारले तर माझ्याकडे सरळ उत्तर नाही.

तिसऱ्या वळणाचे काम पुढच्या शिबिरात आहे. वळणाचा चढ कमी करायचा तर वरची तीस मीटर पट्टी पुन्हा कापावी लागेल. नुसते दगड बसवायचे तर दोन दिवसांत होईल. ज्येष्ठ गृहस्थ या वेळी पट्टी कापायच्या बाजूचे आहेत.